गाडी कळंबला, चलान पुण्याचं: दंड भरण्याआधी हे बघा

एमएच-२५ नंबरची गाडी कळंबला घरासमोर उभी आहे आणि मोबाईलवर पुण्यात नो पार्किंगमध्ये गाडी लावल्याचं ई-चलान येतं. किंवा तुळजापुरात दर्शनाला गेल्यावर जिथे गाडी लावली, तिथे नो पार्किंगचा बोर्डच नव्हता. 'कशाला कटकट' म्हणत अनेक जण पैसे भरून टाकतात. तिथेच गडबड होते.

दंड भरला की काय होतं?

चलान हा आरोप असतो, निकाल नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० नुसार जागेवर किंवा ऑनलाइन दंड भरणं म्हणजे तडजोड. ती झाली की प्रकरण मिटतं, मग तक्रारीला जागा उरत नाही. शिवाय कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे आज मुकाट्याने भरलेलं चुकीचं चलान उद्याचा दंड तिप्पट करू शकतं.

फोटोत काय तपासायचं?

नंबर प्लेट, गाडीचं मॉडेल, रंग, तारीख, वेळ आणि ठिकाण. गाडी दुसरीच असेल, तर कुणीतरी तुमचा नंबर वापरत असू शकतं. अशा वेळी पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. ई-चलानच्या विरोधात जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला होता. त्याच सुमारास पोलिसांनी खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान करू नये, असे आदेश वाहतूक विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दिले.

तक्रार कुठे करायची?

पुण्याला जायची गरज नाही. महाट्रॅफिक ॲपवर किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान वेबसाइटवर तक्रार नोंदवता येते. सोबत आरसी, गाडीचा फोटो आणि त्या वेळी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडा: फास्टॅगची नोंद, सीसीटीव्ही, गॅरेजची पावती. बोर्ड नसेल तर त्याच दिवशी त्या जागेचे फोटो काढून ठेवा.

तक्रार फेटाळली तर?

न्यायालयात दाद मागता येते. लोकअदालतीत दंड कमी होऊ शकतो, पण तिथे तडजोड होते. चूक कुणाची, हे ठरत नाही. गप्प बसणं हाही उपाय नाही. थकलेलं चलान गाडीच्या नावावर तसंच राहतं.

आणि व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नका. त्यातून बँक खातं रिकामं होऊ शकतं.