छेद केवढा ते राहू दे, स्क्रू कशाला ते सांगा

कोल्हापुरात कुठल्याही सिग्नलला गाडी थांबवा आणि वर बघा. ‘बिनटाक्याचं मणक्याचं ऑपरेशन’, ‘आज ऑपरेशन, उद्या घरी’. माझा राग दुर्बिणीवर नाही. भोक केवढं एवढंच विकत बसलेत, त्यावर आहे.

आमच्या मामांचं सांगतो. वय ६८. सायकलवरनं रानात जाऊन येतात, काही होत नाही. पण महाद्वार रोडवरनं बिंदू चौकापर्यंत चालायचं म्हटलं की पोटऱ्या भरून येणार, पायाला मुंग्या. मग दुकानाच्या पायरीवर जरा वाकून बसायचं, पाच मिनिटांत पाय मोकळे. वर्षभर आम्ही ‘वय झालं’ म्हणून काढलं. निघालं काय, तर कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झालेली. वाकलं की तिथं थोडी जागा होते, ताठ चाललं की नसा आवळतात. म्हणून सायकल जमते आणि चालणं नाही.

एमआरआय घेऊन एका दवाखान्यात गेलो (नाव विचारू नका). चार स्क्रू, दोन रॉड, साडेतीन लाख, आणि ‘आठवड्यात ठरवा, नाहीतर पाय जातील’. मणका सरकलाय का, एवढंच विचारलं तर साहेब उठलेच.

दुसऱ्या डॉक्टरांनी वाकवून आणि ताठ उभं करून एक्स-रे काढले. मणका जागेवर! जाड झालेलं लिगामेंट आणि थोडं हाड दुर्बिणीतनं काढून नसांना जागा करून दिली. मामा दुसऱ्या दिवशी घरी. आता रंकाळ्याला अर्धी फेरी मारतात. डाव्या पावलाचा बधिरपणा अजून आहे. तो जाईलच असं त्या डॉक्टरांनी सांगितलंही नव्हतं.

दुर्बिणीनं रक्त कमी जातं, माणूस लवकर उठतो, मान्य. पण मायक्रोस्कोपखाली चांगल्या हातानं केलेलं ऑपरेशनही माणसाला चालतं करतं. नसांवरचं आवरण दोन्हीकडं फाटू शकतं. आणि दुर्बिणीवर हात बसायला बराच काळ लागतो. तुम्ही आजवर किती केली, किती परत उघडावी लागली, हे कुठल्या बोर्डावर वाचलंय का?

स्क्रूचं तर विचारूच नका. स्वीडनमध्ये अशाच २४७ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. निम्म्यांची नुसती नळी मोकळी केली, बाकीच्यांचे मणके जोडलेही. दोन वर्षांनी बघितलं तर जोडलेल्यांना जास्त फायदा काहीच नाही. रक्त मात्र जास्त गेलं, दवाखान्यात जास्त राहावं लागलं आणि खर्चही वाढला. यात मणका थोडा सरकलेलेही बरेच होते. स्क्रू कुणालाच लागत नाहीत असं नव्हे. पण का लागतात, हे एक्स-रे समोर धरून सांगायला काय जातंय?

जाहिरात करून पेशंट ओढणं हे डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीत अनैतिक म्हटलंय. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा आपला हक्क आहे, दवाखान्यात लावलेल्या रुग्ण हक्कांच्या फलकावर तो असतो. वाचा आणि रिपोर्ट मागून घ्या. जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राला आधीच विचारा.

लघवी-संडासवरचा ताबा सुटला, पाऊल उचलेना झालं, तर मात्र मतं गोळा करत बसू नका. त्याच दिवशी सीपीआर गाठा. पण यातलं काहीच नसताना आठवड्यात पाय जातील म्हणून कुणी घाई करत असेल, तर त्याला एकच विचारा, “साहेब, हे लिहून देताय का?”