धूर दिसला की पंप काढायचा, हे आधी बंद करा

आज पिकाची नोंद नाही, गाडीची आहे. गेल्या आठवड्यात गावातल्या एका पोरानं त्याची जुनी ४०७ काळा धूर मारते म्हणून थेट डिझेल पंप उतरवून शहरात पाठवला. मी म्हणलं, "अरे, एअर क्लीनर उघडून पाहिला का?" तर म्हणे मिस्त्री बोलला पंपच गेलाय. ते ऐकून मला आमचे २०१७ सालचे तेवीस हजार आठवले. ते कसे गेले ते एकदा लिहून ठेवतो. ज्याच्या दारात जुना टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे त्यानं वाचावं.

आमची ४०७ म्हणजे ९८ सालचं मॉडेल, दुसऱ्या हाताची घेतलेली. साधं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, जुना लाइनीतला पंप. ओतूरहून माळशेज उतरून कल्याणमार्गे दादर, ही आमची ठरलेली वाट. २०१७ ला गौरी आल्या २९ ऑगस्टला. गौरीच्या नैवेद्याला भाज्यांना भाव असतो, म्हणून अळू, कोथिंबीर, भेंडी असा भरगच्च माल घेऊन मी आणि धाकटा भाऊ आदल्या रात्री निघालो. पहाटे दादरला बराच माल गेला. उरलेला परळ-लालबागच्या दोन भाजीवाल्यांना द्यायचा होता. पाऊस तर असा, की वायपर चालू आहेत का बंद तेच कळेना.

२९ ऑगस्ट २०१७ म्हणलं की मुंबईकराला सांगावं लागत नाही. आम्ही हिंदमाताच्या पुलाखालून गेलो, कारण माल खालच्या रस्त्यावरच उतरवायचा होता. पुलावरून गेलो असतो तर ही नोंदच झाली नसती.

हिंदमाता म्हणजे परातीचा तळ. आजूबाजूच्या रस्त्यांचं पाणी तिथं येतं आणि भरतीच्या वेळी समुद्राकडं जायची वाट अडते. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली. ती ५० च्या क्षमतेची करा असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ चा. आपल्याकडं शेतात चिबड जमीन असली की आपण चर काढतो, तिथं चर काढायला पंचवीस वर्षं गेली. अलीकडं पालिकेनं प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या केल्या, रस्त्याची उंचीही वाढवली. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं.

भाऊ पहिल्या गिअरमध्ये एकसारखी रेस धरून नीट चालला होता. समोरून बस आली, तिची लाट बोनेटवर आदळली, तो दचकला आणि एक्सलेटर सोडला. सायलेन्सर पाण्याखाली होताच. गाडी बंद. त्याचा हात लगेच चावीकडं गेला. तेवढ्यात फुटपाथवरून एक म्हातारा जीव तोडून ओरडला, "ए, सेल्फ मारू नको रे! सेल्फ मारू नको!"

ते काका म्हणजे आतल्या गल्लीतल्या एका गॅरेजचे मिस्त्री. त्यांनी ओरडून आमचं इंजिन वाचवलं. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल आणि आपण सेल्फ मारला, तर पिस्टन वर येतो आणि पाणी काही हवेसारखं दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकला भोक पडतं. पाण्यात बंद पडलेली डिझेल गाडी ढकलून बाहेर काढायची, चावीला हात लावायचा नाही. एवढं एक वाक्य तुमच्या ड्रायव्हरला पाठ करून घ्या.

चाळीतल्या पोरांनी ढकलून गाडी उंचवट्यावर घेतली. पाणी ओसरेपर्यंत आम्ही त्याच चाळीच्या जिन्यात बसून होतो. त्याच दिवशी तिथून जवळच उघड्या मॅनहोलमध्ये एक नावाजलेले डॉक्टर वाहून गेले. ती बातमी कळल्यावर आम्ही दोघं भाऊ मालाबद्दल बोलायचे बंद झालो. दुसऱ्या दिवशी गौरीपूजन. चाळीतल्या बायकांनी अळू आणि कोथिंबीर नेली, आम्ही पैसे नको म्हणत असताना कुणी दहा, कुणी वीस हातात कोंबले. राहिलेली सगळी कोथिंबीर पिवळी पडली.

आता काकांनी काय केलं ते बघा, कारण खरी शिकवण तिथं आहे. आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहिलं. दुधाच्या चहासारखं झालं असतं तर पाणी आत आहे असं समजायचं. आमचं काळंच होतं. मग मॅनिफोल्डच्या पाइपात हात घालून पाहिला, कोरडा. तरी विश्वास ठेवला नाही. चारही नोझल काढली, आधी इंजिन हातानं फिरवलं, मग नोझलविना सेल्फ मारला. भोकातून पाण्याचा थेंब उडाला नाही. तेव्हा कुठं नोझल परत बसवली.

गाडी चालू झाली, दहा मिनिटं चालली आणि पांढरा धूर मारत, ठसकत बंद पडली. भाऊ म्हणाला, "दादा, हेड गेलं." काका हसले. फिल्टरच्या बुडाचा बोल्ट ढिला करून डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं आणि बाटली खिडकीत ठेवून आम्हाला चहाला पाठवलं. परत आलो तर खाली चार बोटं पाणी, वर डिझेल. टाकीच्या झाकणाचं रबर महिनाभर आधी गेलेलं आणि आम्ही तिथं ट्यूबचा तुकडा कापून बसवलेला. लाट तिथून आत गेली.

टाकी पूर्ण रिकामी, दोन्ही फिल्टर नवे, मग हातपंपानं डिझेल ओढून एअर काढली. खर्च किरकोळ. निघताना काका म्हणाले, "घरी गेल्यावर एअर क्लीनरची वाटी उघडून धुवा. मी पाइप पाहिला, वाटी नाही पाहिली." आम्ही हो म्हणालो. घरी गेलो, गौरी उठल्या, मग टोमॅटोची तोडणी लागली. वाटी विसरलो. याचा दोष कुणा दुसऱ्याचा नाही.

ऑक्टोबरपासून गाडी माळशेज चढताना काळा धूर मारायला लागली. रिकामी असूनसुद्धा. मागची मोटारसायकल दिसेना. आमच्या भागातल्या एका मिस्त्रीला दाखवली, नाव लिहीत नाही. त्यानं लांबून धूर पाहिला आणि पंप, नोझल असा निकाल दिला. पंप उतरला, कॅलिब्रेशन झालं, चार नवी नोझल, टायमिंग, मजुरी, सगळे मिळून तेवीस हजार. उसने घेतले. गाडी घेऊन घाटात गेलो तर धूर तस्साच. मिस्त्री म्हणाला आता इंजिन करावं लागेल. मी गाडी विकायचं मनात पक्कं केलं, गिऱ्हाईकसुद्धा पाहून गेलं.

गिऱ्हाईक गेल्यावर भाऊ गप्प बसला होता. एकदम म्हणाला, "दादा, काकांनी वाटी धुवायला सांगितली होती ना?"

उघडली. जुन्या गाडीत ऑइलचा एअर क्लीनर असतो, खाली ऑइलची वाटी, वर तारेची जाळी. वाटीत पाणी आणि ऑइल मिसळून लोण्यासारखा गोळा झालेला आणि त्यावर दोन महिन्यांचा फुफाटा. जाळीतून पलीकडचा उजेड दिसेना. अर्धा लिटर डिझेलनं जाळी धुतली, वाटीत खुणेपर्यंत नवीन ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी घाटात धूर नाही. तेवीस हजारांची नोझल आधीपासून बरीच होती, हे मला नंतर टेस्टिंगवाल्यानंच सांगितलं.

माझं मत असं आहे की धुराचा रंग हे निदान नाही, ती तक्रार आहे. कृषी अधिकारी मंडळी हे वाचतात म्हणून सांगतो, पान पिवळं पडलं की झिंक मारा म्हणणारा आणि धूर काळा आला की पंप काढा म्हणणारा एकाच माळेचे मणी. पान पिवळं पडायला मूळ सडलेलं असेल, पाणी साचलेलं असेल, नत्र कमी असेल. तुम्ही आधी मूळ उपटून बघता ना? तसंच हे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. हवा तपासायला फुकट लागतं, पंप तपासायला हजारो. मग आधी काय उघडायचं? एअर क्लीनर, त्यानंतरचा रबरी पाइप (हा आतून सोलून चिकटतो, बाहेरून ठणठणीत दिसतो), गाडीवरचा बोजा, ब्रेक धरून राहतोय का. हे सगळं झाल्यावर नोझल आणि सगळ्यात शेवटी पंप.

पांढऱ्या धुराचं थोडं वेगळं. सकाळच्या थंडीत सुरुवातीला मिनिटभर आला तर सोडून द्या. गरम झाल्यावरही आला आणि डोळ्याला झोंबला, डिझेलचा वास आला, तर न जळलेलं डिझेल आहे. पाणी, एअर, टायमिंग, कमी कॉम्प्रेशन यातलं काहीतरी. डोळ्याला झोंबत नाही, नुसती वाफ आहे आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडं बघा. निळा धूर ऑइलचा. रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताना भपकारा येत असेल तर व्हॉल्व्हचे सील, रेस दिल्यावर सतत येत असेल तर रिंगा. वाटीत खुणेच्या वर ऑइल भरलं तरी निळा धूर येतो, बरं का. जास्त घातलं म्हणजे चांगलं, ही आपली युरियाची सवय तिथं चालत नाही.

एअर धरणाऱ्या गाडीबद्दल एक. टाकी ते फीड पंप या पाइपात दाब नसतो, ओढ असते. म्हणून तिथली फट डिझेल गळवत नाही, हवा आत घेते. लोक ओला डाग शोधत बसतात आणि सापडत नाही. काकांची युक्ती सोपी. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनपेक्षा उंच ठेवायचा, त्यातून पाइप थेट फीड पंपाला द्यायचा. गाडी नीट चालली तर दोष टाकीत, टाकीच्या जाळीत किंवा पाइपात, पंपाला हात लावायचं कारण नाही. तांब्याचे जुने वॉशर परत बसवू नका, दहा-वीस रुपयांसाठी रात्री घाटात हातपंप मारत बसाल.

कुठला सिलिंडर कामचुकार आहे ते बघायला स्लो रेसवर एकेका नोझलचा डिलिव्हरी नट थोडा ढिला करतात. इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता, फरक पडला नाही तर तोच गडी. पण फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही, डिझेल कातडीतून आत जातं आणि हात कापायची वेळ येते. आणि कॉमन रेलच्या नव्या गाड्यांवर हा प्रयोग चुकूनसुद्धा नको, तिथला दाब कितीतरी पट असतो.

टाकीत पाणी यायला हिंदमाता लागत नाही. शेतावरच्या बॅरलमध्ये रात्रीच्या गारव्यानं आतल्या पत्र्यावर पाणी सुटतं आणि खाली बसतं. आपण नळी बुडापर्यंत घालून ओढतो आणि तेच पाणी ट्रॅक्टरला पाजतो. बॅरल किंचित कलता ठेवा, नळी बुडापासून वीतभर वर धरा, भरल्यावर एक दिवस निवू द्या. गाडीची टाकी रात्री भरलेली ठेवा, अर्धी नको.

शेवटी एक कडू बोलतो, काहींना रुचणार नाही. पीयूसीच्या आधी पंपाचा स्क्रू कमी करायचा, सर्टिफिकेट घेतलं की परत वाढवायचा, हा धंदा आपल्यातले पुष्कळ जण करतात. मीसुद्धा एकदा केलाय. जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू आहे, बीएस-४ ला ५०. वाटी धुतल्यावर माझी ९८ सालची गाडी स्क्रूला हात न लावता ४० च्या आसपास आली. म्हणजे जुनी गाडी म्हणजे धूर, हे सरकारचं म्हणणं अर्धंच खरं. पण उरलेलं अर्धं आपल्यावर आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का ते बघा म्हणलं, त्यावर सरकारनं समिती नेमली. तेव्हा आमच्या ग्रुपवर लई ओरडा झाला, शेतकऱ्यानं माल डोक्यावर न्यायचा का म्हणून. ओरडा बरोबर आहे. पण ज्या चाळीच्या जिन्यात मी रात्र काढली, तिच्या खिडक्या रस्त्यापासून दहा हातांवर आहेत. पहाटे चारला आपण तिथं काळा भपकारा सोडून जायचा आणि वर शेतकरी म्हणून सवलत मागायची, हे मला पटत नाही.

त्या पोराचा पंप अजून शहरातच आहे. काल त्याच्या गाडीचा एअर क्लीनर आम्ही दोघांनी उघडला. आतून उंदराचं घर निघालं, अर्धी पाटी गवत.