डॉल्बीला पैसे आहेत, तबल्याला नाहीत

मंडळी, परवा सांगलीला ‘संगीत संशयकल्लोळ’ बघून आलो. हौशी कलाकारांचा प्रयोग, नव्या पद्धतीनं बसवलेला. पगडी गेली, जीन्स आली. तसबिरीच्या जागी मोबाईल. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, तिचा मोबाईल पडतो, कृत्तिका उचलते, तर स्क्रीनवर अश्विनशेठ! थिएटर हसून बेजार.

मध्यंतरात एक बुजुर्ग म्हणाले, “देवलांचं वाटोळं केलं.” मला नाही पटलं. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरनं आर्थर मर्फीनं १७६१ साली इंग्रजी नाटक केलं. त्यावरनं आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य नाटक लिहिलं, मग त्यात पदं घातली. १९१६ ला देवल गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं ते संगीत रूपात रंगमंचावर आणलं. म्हणजे हे नाटक जन्मापासनंच कपडे बदलत आलंय.

आणि मोबाईल तर चपखल बसला. बातमीसाठी पोलीस ठाण्यात बसतो, तेव्हा एकमेकांचा फोन तपासण्यावरनं पेटलेली किती भांडणं ऐकतो! देवलांच्या नाटकात संशयाचं शेवटी हसू होतं. आपल्याकडं त्याचा संसार मोडतो.

माझी तक्रार वेगळी आहे. पदं निम्मी कापलेली, उरलेली रेकॉर्डेड ट्रॅकवर. ऑर्गन नाही, तबला नाही. गाणारा पोरगा एखादी तान जरा लांबवायला गेला की ट्रॅक पुढं पळायचा. ‘संगीत’ नाटकातनं संगीतच गेलं तर उरलं काय? दिग्दर्शकाला गाठलं. म्हणाला, “भाऊ, साथीदारांचं मानधन परवडत नाही.” शेजारच्या मिरजेत तंबोरे-सतारी घडतात, आणि इथं साथीला पैसे नाहीत!

त्या पोराचा दोष नाही, आपला आहे. कवठे महांकाळात काय किंवा आसपासच्या गावांत काय, गणपतीत आणि यात्रेत डॉल्बीवर एका रात्रीत किती उडतात, हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. द्राक्षाचा दर पडला तरी डॉल्बी थांबत नाही.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं, म्हणून ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन. आपल्या मंडळांनी यंदा एवढंच करावं. डॉल्बीची एक रात्र कमी करा, ते पैसे ऑर्गन-तबल्याला द्या आणि या पोरांना गावात बोलवा. पहिली वर्गणी माझी घ्या.

बोला, कोणतं मंडळ तयार आहे?