टीएमसीच्या हिशेबात न मावणारे ओहोळ

म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी पाणी खानापूर तालुक्यातील दोन नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे आहे : कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली आणि वाद पुन्हा पेटला. मात्र तो बहुधा ‘वर्षाला किती पाणी’ याच प्रश्नाभोवती फिरतो. ते पाणी केव्हा आणि कोणत्या वेगाने वाहते, हा प्रश्न मागे पडतो.

दाट झाडीखालच्या ओहोळात ऊन कमी पोहोचते. शेवाळाची वाढ बेताची राहते आणि तेथील जीवसाखळी मुख्यतः गळलेल्या पानांवर पोसते. पावसाळा सरून प्रवाह मंदावला, की पाने दगडांच्या खाचांत अडकतात. बुरशी व जिवाणू ती मऊ करतात, जलकीटक कुरतडतात आणि कीटकांवर मासे जगतात. मोठ्या पावसात चित्र पालटते. साचलेला पाचोळा आणि मातीतून पाण्यात उतरलेला कार्बन काही तासांत खाली वाहून जातो. तो पचवण्यास ओहोळाला उसंत नसते. ते काम पुढची नदी आणि खाडी करते. अमेरिकी संशोधक पीटर रेमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हाच विचार सूत्रबद्ध केला.

त्यामुळे पावसाळी पाणी ‘समुद्रात वाया जाते’ हा युक्तिवाद लंगडा ठरतो. त्या लोंढ्यासोबत सह्याद्रीच्या रानातील सेंद्रिय द्रव्य मांडवीच्या खाडीकडे जात असते. बंधारा पाण्याबरोबर पाचोळा आणि गाळही अडवतो. प्राणवायू संपलेल्या तळाशी तो कुजला, तर मिथेन निर्माण होतो. हा नियम राज्याची सीमा ओळखत नाही. गोव्याने बांधलेल्या बंधाऱ्यांनाही तो लागू पडतो.

निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘प्रवाह’ प्राधिकरणाला मंजुरी दिली. पाण्याचे मोजमाप करताना सेंद्रिय द्रव्याचीही नोंद झाली, तर वादाला भक्कम पाया मिळेल. महिन्याकाठी एक नमुना घेऊन मात्र हे साधणार नाही. पाचोळ्याची मोठी वाहतूक मोजक्या पुरांत होते. नमुने त्या तासांतच घ्यावे लागतील, आणि तेही नाले वळवण्यापूर्वी. एकदा पाणी वळले, की तुलनेसाठी मूळ प्रवाह उरणार नाही.