शिवारफेरीची वही

सुगी आटोपली, खळी रिकामी झाली की शिवारात पाहण्यासारखे काही उरले नाही, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः फाल्गुनाच्या मध्यापासून वैशाखापर्यंतचा काळ हा शिवार समजून घेण्याचा उत्तम काळ होय. पिकांचा आडोसा दूर झालेला असतो. पळस, पांगारा व काटेसावर यांची पानगळ होऊन फुले उघडी पडतात. त्यामागून करंज आणि कडुनिंब मोहरतात. वेडा राघू ओढ्याच्या दरडीत बीळ कोरू लागतो आणि टिटवी उघड्या रानात अंडी घालते. अशा दिवसांत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने पंधरा दिवसांतून एकदा, हाती वही घेऊन शिवारातून पायी फिरावे आणि दिसलेल्या पक्ष्यांची, कीटकांची व रानफुलांची नोंद करावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

हा रिकामपणाचा छंद आहे, असे काही जण म्हणतील. त्यांनी उन्हाळी कलिंगडाच्या व काकडीच्या मळ्याचा विचार करावा. या वेलींना नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मधमाश्यांनी पराग वाहून नेला नाही, तर फळ धरत नाही किंवा वेडेवाकडे धरते. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचीही तीच गोष्ट आहे. त्याच्या एका फुलातील पराग आधी गळतो आणि त्याच फुलाची बीजधारणेची वेळ मागाहून येते. म्हणून माश्यांवाचून बी भरत नाही. रब्बी पिके निघाल्यावर या माश्या जगतात त्या बांधावरील करंजावर, कडुनिंबावर आणि एकदांडीसारख्या रानफुलांवर. कोणत्या बांधावर कोणते झाड केव्हा फुलले आणि त्यावर सातेरी, फुलोरी की आग्या माशी आली, एवढे वहीत असले, तर झाड तोडण्यापूर्वी आणि फुलोऱ्यात फवारणी करण्यापूर्वी मनुष्य दोनदा विचार करील.

याच दिवसांत पुष्कळ गावी बांध पेटविण्याची रीत आहे. गवत जळते आणि बांध स्वच्छ दिसतो. परंतु त्याबरोबर आणखी काय जळते, हे पाहण्यास कोणी थांबत नाही. बांधावरील रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा असतो. तो आपल्या ज्वारी-गव्हाला लागत नाही. मात्र पिके नसताना ढालकिड्यांना तो अन्न पुरवितो. हेच ढालकिडे पुढे पिकांवरील मावा खातात. ढालकिड्याची अळी काळसर व काटेरी दिसते, म्हणून अजाणतेपणी तिलाच कीड समजून मारले जाते. काडी ओढण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या बांधावरून वही घेऊन एक फेरी मारावी. पुष्कळ बांध त्यानंतर पेटविले जाणार नाहीत, असा आमचा विश्वास आहे.

मित्र कोण व शत्रू कोण, हे ठरविण्याची घाई मात्र नोंद करणाऱ्याने करू नये. भोरड्यांचे थवे हिवाळ्यात ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात, म्हणून शेतकरी त्यांना हाकलतो. त्याच भोरड्या वसंतात पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर दिसतात आणि पुढे मध्य आशियाकडे परतून तेथे टोळ व नाकतोडे यांवर पिल्ले वाढवितात. वेडा राघू उपद्रवी कीटक टिपतो, तशाच मधमाश्याही टिपतो. म्हणून जे दिसले तेच लिहावे. निवाडा पुष्कळ नोंदी जमल्यावर करावा.

अशा नोंदीचे दुसरे महत्त्व नव्या शत्रूची चाहूल लागण्यात आहे. गाजरगवत पुण्याच्या परिसरात १९५५ साली आढळल्याची नोंद आहे. आज ते देशाच्या बहुतेक भागांत पसरले आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोचली. ज्याला आपल्या शिवारातील नेहमीचे माहीत आहे, त्यालाच नवे ओळखता येते. अनोळखी तण वा अळी दिसताच तिची नोंद करून ती कृषी खात्यास व कृषि विद्यापीठास कळविणे, हे फवारणीच्या पंपाइतकेच महत्त्वाचे पीकसंरक्षण आहे.

नोंदीची रीत सोपी आहे. वाट ठरावीक असावी व वेळ सकाळची असावी. तारीख, हवामान, गटक्रमांक किंवा ठिकाणाचे नाव, काय दिसले, किती दिसले, कशावर बसून काय करीत होते, एवढे लिहावे. जे केवळ ऐकू आले ते ‘ऐकले’ असे वेगळे लिहावे. नाव गावात चालते तेच घालावे. नाव माहीत नसल्यास वर्णन करावे, अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. गेल्या वर्षी दिसलेले यंदा दिसले नाही, तर तेही लिहावे. घरट्यास हात लावू नये. फेरीत मेंढपाळास, रानभाजी आणणाऱ्या भगिनींना व शाळेतील मुलांना सोबत घ्यावे. त्यांना ठाऊक असलेली नावे पुष्कळदा पुस्तकात सापडत नाहीत.

कार्यकर्त्याच्या माथी आधीच पुष्कळ नोंदवह्या आहेत, ही तक्रार खरी आहे. परंतु यांपैकी एक वही कायद्यानेच गावाला दिली आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली. मुदत जवळ आली की कागद भरण्याची घाई होते, आणि घाईने भरलेल्या वहीत शेजारच्या गावाचीच यादी उतरते. अशी वही कपाटात राहते. ती ना शेतकऱ्याच्या उपयोगी पडते, ना समितीच्या. टेबलाशी बसून शंभर नावे लिहिण्यापेक्षा बांधावर उभे राहून दहा लिहिली, तर त्या दहांवर गाव विश्वास ठेवू शकेल.

जाणत्या शेतकऱ्यास हे सर्व तोंडपाठ असते, हेही आम्ही मान्य करतो. परंतु ते त्याच्याबरोबरच जाते. लिहिलेले मात्र त्याच्या मुलास, नव्याने आलेल्या कार्यकर्त्यास व गावास उपयोगी पडते. तेव्हा या चैत्रात प्रत्येक गावी किमान एक वाट निवडावी, एक वही शिवावी आणि पहिली फेरी बांध पेटण्यापूर्वी करावी, अशी ग्रामकार्यकर्त्यांस व शेतकरी बांधवांस आमची आग्रहाची विनंती आहे.