मोनोक्रोटोफॉसवर बंदी आली, मग फवारणीचा धोका टळला का?

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदी घातली. निर्णय चांगलाच आहे. पण बंदी एका औषधावर आहे, त्याच्या सगळ्या कुळावर नाही.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही त्याच कुळातली, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके. फॉस्फरस आपल्या हाडांत असतो, डीएपी खतातही असतो. तिथे तो विष नसतो. या कीटकनाशकांतले फॉस्फरसचे संयुग मात्र आपल्या शरीरातल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमला चिकटून ते बंद पाडते. मग नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा संदेश थांबतच नाही.

लक्षणे ओळखा

खूप घाम, तोंडाला लाळ, उलट्या, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे, धाप लागणे. "औषध प्यायलेलं नाही, नुसती फवारणी केली," असे नातेवाईक सांगतात. पण हे विष त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. गळका पंप पाठीवर घेऊन भिजलेल्या सदऱ्यात काम करणे म्हणूनच धोक्याचे.

लगेच काय कराल?

- रुग्णाला शेताबाहेर, मोकळ्या हवेत आणा.
- हातमोजे घालून त्याचे कपडे काढा. अंग साबण-पाण्याने धुवा.
- मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. दूध, तूप देऊ नका.
- शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा.
- औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत आणा. कोणते विष आहे हे कळले की अ‍ॅट्रोपिनसारखे उपचार वेळेत सुरू करता येतात.

रुग्ण बोलू लागला म्हणून हट्टाने घरी नेऊ नका. एक ते चार दिवसांनीही श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात.

शेवटचे, पण तितकेच महत्त्वाचे: उरलेले औषध स्वयंपाकघरात किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, कुलपात ठेवा. घरात कोणी फार खचलेले असेल तर किल्ली तुमच्याजवळ असू द्या आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. बंदीचा निर्णय सरकारचा. घरातला डबा मात्र तुमच्याच हातात आहे.