कुलूप आहे, पण ते लावले कोणी?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि त्याच दिवशी युरोपभरातील हजारो उपग्रह मोडेम एकाएकी निकामी झाले. व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट जाळ्यावरील हल्लेखोरांनी मोडेमच्या फ्लॅश मेमरीतील, म्हणजे यंत्राच्या कायम स्मृतीतील, महत्त्वाचा मजकूर दुरूनच नष्ट केला होता. जर्मनीतील ५,८०० पवनचक्क्यांवरील दूरस्थ देखरेख त्यामुळे तुटली. त्यापूर्वी २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्येच सुमारे २,२५,००० वीजग्राहक अंधारात गेले होते. तेथे हल्लेखोर वीज घालवून थांबले नाहीत. उपकेंद्रांतील संपर्क-उपकरणांत त्यांनी विकृत फर्मवेअर भरले. परिणामी कर्मचाऱ्यांना जागेवर जाऊन हाताने पुरवठा सुरू करावा लागला.

हे युरोपचे दुखणे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच दारावरील वीजमीटरकडे एकवार पाहावे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या वीजवितरण योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट ठेवले गेले. या प्रत्येक मीटरच्या पोटात मायक्रोकंट्रोलर आणि फ्लॅश मेमरी असते. ही मीटर असुरक्षित आहेत, असा आमचा आरोप नाही. ती सुरक्षित असल्याची खातरजमा कोणी, केव्हा व कशी केली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नव्हे. सर्वसामान्य वाचकालाही तो सहज समजेल. सर्वत्र वापरात असलेली एसटीएम३२एफ४ ही चिप घ्या. तिच्या फ्लॅशवर लिहायचे तर आधी एका रजिस्टरमध्ये दोन ठरावीक संख्या क्रमाने भराव्या लागतात. क्रम चुकला, तर चिप पुन्हा सुरू होईपर्यंत लेखनाचे दार बंद राहते. परंतु या संख्या निर्मात्याच्या पुस्तिकेत उघड छापलेल्या असतात. म्हणजे ही केवळ दाराची कडी झाली. भरकटलेल्या प्रोग्रामला ती अडवते, चोराला नाही. खरे कुलूप निराळे आहे. मेमरीचे ठरावीक विभाग लेखनासाठी बंद करता येतात. बाहेरून होणारे वाचन रोखता येते. हे वाचनसंरक्षण पहिल्या पातळीवरून उठवू पाहिल्यास आतील मजकूरच पुसला जातो आणि दुसऱ्या पातळीवर या साऱ्या निवडी कायमच्या गोठतात. ही सोय चिपमध्येच असते, त्यासाठी वेगळी चिप घ्यावी लागत नाही. मात्र कारखान्यातून चिप येते ती हे कुलूप उघडे ठेवूनच! ते लावण्याचे काम उपकरण बनविणाऱ्याचे, आणि लावले की नाही हे पाहण्याचे काम खरेदी करणाऱ्याचे.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, कुलूप लावले तर पुढे सुधारणा कशा करणार? उत्तर सोपे आहे. सर्व मेमरी गोठवण्याची गरजच नाही. यंत्र सुरू करणारा छोटा मूळ भाग तेवढा कुलूपबंद ठेवावा आणि डिजिटल स्वाक्षरी तपासल्यावाचून त्याने नवा प्रोग्राम स्वीकारू नये. दुसरा आक्षेप असा की, कुलपे फोडली जातातच. खरे आहे. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन सिक्युरिटी लॅब्जने ट्रेझर या आभासी चलनाच्या पेटीतील चिपचे संरक्षण विजेचा दाब क्षणभर हलवून चुकविले. पण त्यासाठी ती पेटी सुमारे पंधरा मिनिटे प्रत्यक्ष हातात असावी लागली. दूरदेशी बसलेला शत्रू कोट्यवधी घरांच्या भिंतींवरचे मीटर हाती घेऊन बसणार आहे काय?

रायगडाच्या हिरकणीची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले आणि पहारेकऱ्याने ओळखीच्या गवळणीसाठीही ते उघडले नाहीत. ती कडा उतरून गेली, तेव्हा कडा उतरता येतो म्हणून दरवाजे उघडे टाका, असे महाराजांनी सांगितले नाही. जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला. संरक्षणाचा हा विचार आपल्याला परका नाही. विसर पडला आहे तो आचरणाचा.

उपकरणावर ‘भारतात निर्मित’ असा शिक्का असला म्हणजे निश्चिंत व्हावे, हा भ्रमही सोडला पाहिजे. स्वदेशी घराचे दार सताड उघडे असेल, तर चोर त्या घराचा गोत्र विचारीत नाही. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी तर या बाबतीत अधिक काटेकोर असावयास हवे.

म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक खरेदीच्या निविदेत तीन अटी असाव्यात. मूळ भागाला लेखनबंदी असावी, वाचनसंरक्षण चालू असावे, आणि पुरवठा झालेल्या मालातील कोणतेही नग उचलून त्रयस्थ प्रयोगशाळेत त्यांची तपासणी व्हावी. पुरवठादाराच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबणे म्हणजे पहारेकऱ्याच्या शब्दावर झोपी जाणे होय. दरवाजा बंद आहे की नाही, हे स्वतः ढकलूनच पाहावे लागते. ती तसदी आपण आज घेणार, की अंधार पडल्यावर?